भटक्या नसेचा हूं

मुलीने ‘बेट’ हा शब्द उच्चारला आणि नियमकाकांनी हातातला कप इतक्या जोरात आदळला की खालच्या बशीने जागीच प्राण सोडला.

“बेट? बेट ही काय नोकरी करायची जागा आहे?”

नियमकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसून बसून त्यांना नियम इतके अंगवळणी पडले होते की, जिन्यात कुणी चपला काढून ठेवलेल्या दिसल्या तरी ते पोटकलमासह बोलत. बिल्डिंगने वैतागून त्यांचं हे बारसं केलं, आणि त्यांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं.

मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेल्या माना आणि लचकलेले पाय ताळ्यावर आणणं हे तिचं काम. तिला एका दूरच्या बेटावरच्या दवाखान्याने बोलावलं होतं. काम मनासारखं होतं, राहायला खोली होती, आणि होकार दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत कळवायचा होता. बोट आठवड्यातून दोनदाच सुटत असे.

“आणि बोट चुकली तर?” काका म्हणाले.

“तर पुढच्या बोटीने.”

“आणि तेवढ्यात मी आजारी पडलो तर?”

“बाबा, तुम्ही ठणठणीत आहात,” मुलगी म्हणाली, आणि हे सिद्ध करायला तिने रक्तदाब मोजायचं यंत्र आणून त्यांच्या दंडाला गुंडाळलं. यंत्राने फुसफुस करून जो आकडा दाखवला तो पाहून तिने आईकडे पाहिलं, आईने काकांकडे पाहिलं, आणि काकांनी यंत्राकडे पाहिलं.

“बिघडलंय ते,” काका म्हणाले.

मग ते काकूंच्या दंडाला लावलं. काकूंचा आकडा शाळेच्या पुस्तकात छापावा असा निघाला. बायको आणि मुलगी तर आधीच एका बाजूला होत्या, आता यंत्रही त्यांना जाऊन मिळालं.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि वर “ताण घेऊ नका” असंही म्हणाले. ताण घ्यायचा नाही तर ठेवायचा कुठे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते काम मुलीने अंगावर घेतलं.

“बाबा, व्हेगस नावाची एक नस असते,” ती म्हणाली. “मेंदूतून निघते, मानेतून खाली येते, हृदयाला भेटते, फुप्फुसांकडे जाते, पोटापर्यंत पोचते. इतकी हिंडते म्हणून तिचं नावच पडलंय भटकी. ती नीट काम करते तेव्हा जीव शांत होतो, असं म्हणतात.”

“भटकी?” काकांना हे लागलं. “आमच्या घराण्यात कुणी भटकं नव्हतं. मी तीस वर्षं एका खुर्चीवर बसलोय.”

“नस बसली नाही ना. आता ऐका. राग आला की तोंड मिटायचं, आणि श्वास हळूहळू सोडत हूंऽऽऽ असं गुणगुणायचं. सकाळी गुळण्या करायच्या, घशातून दणदणीत आवाज येईल अशा. रामबाण आहे असं मी म्हणत नाही. गोळी चालूच ठेवायची. पण बरं वाटेल. आणि तुमचा आकडा खाली येईपर्यंत बेटाचं नाव काढायचं नाही.”

हा शेवटचा मुद्दा काकांना फार पसंत पडला. त्यांच्या मनात आलं, आकडा सोमवारपर्यंत खाली आला नाही तर बेट आपोआप बुडेल. पण नियमाचा माणूस व्यायामात कुचराई कशी करणार? ते त्याच संध्याकाळी गुणगुणायला बसले.

इथे संसाराचा एक बारकावा सांगायला हवा. आपल्याकडे नवऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या ‘हूं’ला जेवढे अर्थ आहेत तेवढे शब्दकोशातल्या कुठल्याही शब्दाला नसतील. ऐकतोय, ऐकत नाहीये, पेपर वाचतोय, तुझंच खरं, आता पुरे, सगळं त्यात येतं. पण बायको त्यातून एकच अर्थ काढते, आणि तो म्हणजे होकार. काकूंनी हा अर्थ गेली कित्येक वर्षं लावला होता, पण एकेका हूंसाठी त्यांना तासन्‌तास वाट पाहावी लागे. आता घरात हूंचा नळ चोवीस तास सुरू झाला होता, आणि पाण्याच्या बाबतीत काकूंची शिस्त अशी होती की आलेलं भरून ठेवायचं.

“अहो, पडदे बदलू या का?”

“हूंऽऽऽ.”

दुसऱ्या दिवशी पडदे आले. निळे. काकांना निळा रंग आवडत नसे. त्यांना राग आला, आणि राग आला म्हणून ते गुणगुणले.

“माझा भाऊ महिनाभर राहायला येईन म्हणतोय.”

“हूंऽऽऽ.”

मेव्हणा तबला घेऊन आला.

काकांनी निषेध नोंदवला. “अगं, तो होकार नव्हता. तो नसेचा हूं होता.”

“तुमच्या कुठल्या भागाने होकार दिला ते मी कुठे विचारत बसू?” काकू म्हणाल्या. “हूं तो हूं.”

खरं तर काकांना तोंड उघडायलाच जागा नव्हती. बिल्डिंगच्या वार्षिक सभेत त्यांनी स्वतःच ठराव मांडला होता की, जो सभासद स्पष्ट शब्दांत नाही म्हणणार नाही, त्याचा होकार धरण्यात येईल. तेव्हा कुणीच स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं नाही, म्हणून तो ठराव एकमताने मंजूर झाला. त्या ठरावाखाली गप्प राहणाराच जर सापडत होता, तर हूं म्हणणारा कुठून सुटणार! सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, “काका, लिफ्ट दुरुस्तीचं सगळं तुम्ही बघाल ना?” काकांना ते ऐकूनच राग आला. ते श्वास सोडत गुणगुणले. संध्याकाळी फलकावर लिफ्ट समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव झळकलं. सदस्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

दरम्यान काकूंनी गॅलरीतून शेजारणीला ‘यांची एक भटकी नस आहे’ एवढंच सांगितलं होतं. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याचं ‘यांची नस भटकली’ झालं, आणि दिवेलागणीला दुसऱ्या जिन्यात ‘नियमकाकांची नस सरकली’ असं ऐकू येऊ लागलं. लोक भेटायला आले. आले ते दारातच उभे राहिले, आणि मुलांना मागे धरून उभे राहिले.

तळमजल्यावर राहणारे निवृत्त कंपाउंडर मात्र बेधडक आत शिरले. उभा जन्म त्यांनी डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे डॉक्टरांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. “सरकलीय ती मानेत असणार,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंनी अशी दाबली की बसेल जागेवर.”

त्यांचे अंगठे गळ्याशी पोचणार तेवढ्यात मुलगी ओरडली. “काका, हात काढा! मान दाबायची नाही. बाबा चक्कर येऊन पडतील.”

“बघ बाई,” कंपाउंडरकाका हात मागे घेत म्हणाले. “भटकली तर पुन्हा मला सांगू नका.”

वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांना नसेशी काही देणंघेणं नव्हतं. काकांचा हूं सुरू झाला की त्या काठी जमिनीवर तीनदा आपटत आणि खिडकीतून खाली ओरडत, “उतरतोय! सूर उतरतोय! माझे विद्यार्थी बिघडताहेत!” आयुष्यात पहिल्यांदा काका बिल्डिंगमध्ये काहीतरी विनानियम करत होते, आणि तेही बेसूर.

कार्यालयात तर निराळंच झालं. खिडकीशी एक गृहस्थ आले. त्यांच्या रस्त्यावर आठवडाभर पाणी नव्हतं. त्यांनी शेलक्या शब्दांत काकांची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली. काकांनी तोंड मिटलं, डोळे मिटले.

“म्हणजे चूक तुमच्या खात्याची आहे, बरोबर?”

“हूंऽऽऽ.”

गृहस्थ गहिवरले.  इतक्या वर्षांत खात्याने पहिल्यांदाच चूक कबूल केली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे भली मोठी रांग लागली. त्यातल्या काहींच्या नळाला पाणी व्यवस्थित होतं. ते फक्त कबुली ऐकायला आले होते.

साहेबांनी बोलावून घेतलं. “खिडकीवर गुणगुणता म्हणे तुम्ही?”

“प्रकृतीसाठी, साहेब.”

“हरकत नाही. पण कुठल्या नियमाखाली?”

आता आली का पंचाईत! जो माणूस दुसऱ्यांना नियम विचारत आला, त्यालाच कुणी नियम विचारला होता. काकांनी रीतसर अर्ज केला. अर्ज आस्थापना विभागात गेला, तिथून लेखा विभागात गेला, आणि प्रत्येक टेबलावर एकेक शेरा कमावत हिंडला. ‘सदर नस स्थायी आहे की हंगामी, याचा खुलासा व्हावा.’ ‘नसेचा वापर कार्यालयीन वेळेत होतो काय?’ शेवटचा शेरा साहेबांचा होता. ‘प्रस्तुत नस भटकी असल्याचे अर्जदारानेच नमूद केले आहे. तरी ती पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडून जाणार नाही, अशी हमी अर्जदाराने द्यावी. तोवर गुणगुणणे स्थगित.’

काकांनी तो शेरा दोनदा वाचला आणि नाइलाजाने दाद दिली. ते स्वतः त्या टेबलावर असते तर त्यांनीही अगदी हेच लिहिलं असतं.

कार्यालयातला हूं बंद पडल्यावर त्याची भरपाई म्हणून काकांनी घरच्या गुळण्या वाढवल्या. भल्या सकाळी न्हाणीघराचं दार लावून, मान मागे टाकून ते अशा काही गुळण्या करत की आरसा थरथरे. मेव्हणा त्या सुरावर तबला लावून घेई.

दोनच दिवसांत कंपाउंडरकाका तक्रारींच्या खिडकीशी हजर झाले.

“तुम्ही आहात म्हणून सरळ इथेच आलो. आपल्या बिल्डिंगच्या पाइपातून रोज सकाळी भयंकर आवाज येतो.”

काका सावरून बसले. शेजारचं माणूस असलं तरी खिडकी ती खिडकी. “आवाजाचं वर्णन सांगा.”

“आधी घर्रर्र. मग खळखळ. मग थोडा वेळ शांत, आणि शेवटी कुणीतरी थुंकल्यासारखा.”

“अरेरे,” काका गंभीर झाले. “मुख्य वाहिनीत हवा अडकलीय. हे साधं नाही हं. वेळ कुठली?”

“सहाच्या सुमारास. तुम्हाला कसा ऐकू येत नाही हो?”

“मी त्या वेळी न्हाणीघरात गुळण्या करत असतो ना.”

“हां, मग कसा ऐकू येणार!” कंपाउंडरकाकांना पटलं.

काकांनी तक्रारीवर लाल शाईने ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारला आणि खास शब्द टाकून ती दुरुस्ती विभागाकडे पाठवली. आपल्या बिल्डिंगसाठी काहीतरी केल्याचं समाधान त्यांना दिवसभर पुरलं.

त्या संध्याकाळी ते चांगल्या मनःस्थितीत खुर्चीत बसून गुणगुणत होते. डोळे मिटलेले होते. स्वयंपाकघरात काकू भाजी परतत होत्या. मुलगी येऊन जमिनीवर त्यांच्या खुर्चीशेजारी बसली. सोमवार जवळ आला होता. आकड्याची अट बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, “बाबा, मी बेटावर जाऊ?”

“हूंऽऽऽ.” काकांचा श्वास तेवढ्यात अर्ध्यावर आला होता. सोडलेला श्वास परत कसा घेणार?

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. काकांनी डोळे उघडले तेव्हा मुलगी उठून आत गेली होती, आणि भाजी करपल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परतल्यावर त्यांना दिवाणखान्याच्या मधोमध एक नवीकोरी बॅग दिसली. मोठी, चाकांची. बॅगेवर काकूंनी घडी घालून एक जाड रेनकोट ठेवला होता.

काकांना कुणी काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही काही विचारलं नाही. पडदे बदलले, मेव्हणा आला, लिफ्ट गळ्यात पडली, ते सगळं त्यांनी सोसलं होतं. पण हे? ती होकार कळवून मोकळी झाली असणार. ‘तो नसेचा हूं होता’ असं ओरडून सांगावं असं त्यांना वाटलं. पण मग मुलीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ते सरळ झोपायच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना राग आला होता असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांना भीती वाटत होती.

रविवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी न्हाणीघरात गेले. खाली अंगणात दुरुस्ती विभागाची गाडी येऊन थांबल्याचं त्यांना कळलं नाही. ‘अत्यंत तातडीचे’ या शेऱ्याने कमाल केली होती. खातं रविवारी कामाला आलं होतं. चार माणसं, दोन कुदळी, एक इंजिनियर. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांमध्ये जमली होती आणि सेक्रेटरी उगाचच हात मागे बांधून फेऱ्या मारत होते.

इंजिनियरने कान पाइपाला लावला.

“आला, आला! घर्रर्र!”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” कंपाउंडरकाका म्हणाले.

“खळखळतंय. दाब जबरदस्त आहे. खोदा रे!”

कुदळी चालल्या. फरशी उखडली. फुलझाडांची कुंडी बाजूला ठेवताना फुटली. खड्डा कमरेएवढा झाला.

“थांबला,” इंजिनियर म्हणाला. मग तो दचकला. “थुंकलं कुणीतरी.”

गॅलरीतून वाकून बघणाऱ्या मुलीच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ती धावत आत गेली आणि तिने न्हाणीघराचं दार ठोठावलं. “बाबा! गुळण्या थांबवा! खाली तुम्हाला शोधायला खड्डा खणलाय!”

काका बाहेर आले ते गळ्यात टॉवेल, हातात तांब्या अशा अवतारात. तसेच खाली गेले, कारण बिल्डिंगमध्ये विनापरवाना खड्डा म्हटल्यावर त्यांना राहवणं शक्यच नव्हतं.

“कुणाच्या आदेशाने हे खोदकाम चाललंय?” ते गरजले.

इंजिनियरने अदबीने तक्रारीचा कागद पुढे केला. लाल शाई. सही त्यांचीच.

“काका,” इंजिनियरने विचारलं, “आत्ता न्हाणीघरात कोण होतं?”

सगळ्यांच्या नजरा काकांच्या टॉवेलवरून तांब्याकडे गेल्या. मग वरून मेव्हणा फिस्सकन हसला, आणि पाठोपाठ सगळी बिल्डिंग हसली. दुसऱ्या जिन्यातली लहान मुलं घर्रर्र, घर्रर्र करून नाचू लागली. काकांची कानशिलं तापली. तीस वर्षांची अब्रू त्यांच्या डोळ्यांदेखत त्या खड्ड्यात पडली होती. ते आता काय बोलतील या धास्तीने काकूंनी डोळे मिटून घेतले.

काकांनी तोंड मिटलं. श्वास सोडला. “हूंऽऽऽ.”

सेक्रेटरी तत्पर माणूस होते. “म्हणजे हा खड्डा तुम्ही बुजवून घ्याल ना, काका?”

श्वास अजून संपायचा होता. “ऽऽऽऽ.”

टाळ्या वाजल्या.

 दिवसभर स्वतः घमेली वाहून काकांनी खड्डा बुजवला, आणि नियमाप्रमाणे फरशी सरळ रेषेत बसवली. तिन्हीसांजेला दमून ते गॅलरीत बसले. मुलगी यंत्र घेऊन आली. तिने पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. फुसफुस झाली. आकडा उतरला होता. फार नाही, पण डॉक्टरांना दाखवावा इतका.

“घमेल्यांमुळे असेल,” काका म्हणाले.

“असेल.” ती पट्टा सोडू लागली. “बाबा, मी त्यांना अजून कळवलेलं नाही.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. “मग ती बॅग?”

“बॅग आईने आणली. तिने तुमचा हूं धरला. मी नाही धरला. व्यायाम मीच शिकवला ना तुम्हाला? तो हूं नसेचा होता, हे मला कळत नाही होय?” तिने यंत्र बाजूला ठेवलं. “नसेच्या होकारावर नाही जायचं मला. उद्या सोमवार आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणून कळवेन. पण नीट सांगा.”

हे सगळ्यात अवघड होतं. ती भांडली असती तर काकांकडे भांडणाचे नियम होते. त्यांनी खाली अंगणात पाहिलं. बुजवलेल्या खड्ड्यावरच्या फरश्या नव्या म्हणून वेगळ्या दिसत होत्या.

“बोट आठवड्यातून दोनदाच असते,” ते म्हणाले.

“हो.”

“तू गेल्यावर हे यंत्र कोण लावणार? तुझी आई लावेल, पण आकडा बघून मला रागावणार नाही. तिला स्वतःचाच आकडा आवडतो.” ते थांबले. “मी आजारी पडेन म्हणून नाही गं. तू घरात नसलीस तर मला करमायचं नाही. एवढंच आहे. याला नियम नाही म्हणून बेटावर ओरडत होतो.”

मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. 

काकांनी बोलायला तोंड उघडलं. ‘जा’ एवढाच शब्द होता, एका अक्षराचा. पण तो बाहेर येईना. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा प्रयत्न केला, आणि बाहेर आला तो नुसता “हूं.” लांब नव्हता, गुणगुणलेला नव्हता. आखूड आणि जरासा ओला.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. “आत्ता लागला!” गाण्याच्या बाई आनंदाने ओरडल्या. “असाच धरा!”

मुलगी हसली नाही. ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. पडद्याआडून, त्या निळ्या पडद्याआडून, काकूंनी डोकं बाहेर काढलं. “अहो, आधी नीट सांगा. हा कुणाचा? नसेचा की तुमचा?”

काकांनी टॉवेलने डोळे पुसले, आणि तोंड चांगलं उघडून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा स्पष्ट शब्दांत सांगितलं, “माझा.”